मुख्यालयी मुक्काम

सुहासरावांनी दमयंतीवर कधी हात उगारला नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं ज्यानं त्यानं हेच विचारलं आणि उत्तर ऐकून तो गप्प बसला. मारत नाही, पीत नाही, बाहेर काही भानगड नाही, पगार सगळा घरात. मग बाईला दुखतंय तरी कुठं? नगरच्या पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क, सावेडीत स्वतःचा फ्लॅट. रोज सकाळी बायकोला स्कूटरवरून माळीवाड्याच्या स्टँडवर सोडायचं आणि संध्याकाळी एसटी यायच्या आधी घ्यायला हजर राहायचं, यात खंड नाही. स्टँडवरच्या बाकीच्या मास्तरणी आपापल्या नवऱ्यांच्या नावानं बोटं मोडायच्या आणि म्हणायच्या, नवरा असावा तर असा.

शुभांगीला मात्र तो माणूस डोळ्यांसमोर नको असायचा. शुभांगी केडगावची. दमयंती आणि ती एकाच वर्षी बोरखडीच्या जिल्हा परिषद शाळेत लागल्या आणि तेव्हापासून एकाच एसटीनं अप-डाऊन करत होत्या. दमयंती ब्राह्मणाघरची, शुभांगी बौद्ध. पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत दमयंतीनं न विचारता शुभांगीच्या डब्यातली लसणाची चटणी उचलली, जिभेला चटका बसला तरी सगळी संपवली, आणि आपली गोड आमटी तिच्यापुढं सरकवली. ती आमटी शुभांगीला मुळीच आवडली नाही. पण बाई आवडली.

नगरच्या वेशीवरचं भिंगार मागं पडलं की दमयंतीला कंठ फुटायचा. तिथून बोरखडीच्या फाट्यापर्यंत पाऊण तास ती बोलायची, हसायची, मास्तरांच्या नकला करायची. परतीच्या गाडीत भिंगार जवळ आलं की तीच बाई पदर सारखा करून, केस चापून, गप्प बसायची. सुरुवातीला शुभांगीला वाटलं, दमत असेल. दमणं असं रोज एकाच ठिकाणी सुरू होत नाही, हे कळायला तिला वर्ष गेलं.

हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. आमटीत मीठ कमी पडलं तर सुहासराव ओरडायचे नाहीत. ताट हळूच पुढं सरकवायचे, हात धुवायचे आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात जाऊन मिसळ खाऊन यायचे. मग आठवडाभर घरात शब्द नाही. दमयंती कॉलेजात असताना गायची, लग्नानंतर एकदा पाहुण्यांसमोर गायली, तर घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "लोक तोंडावर हसत नाहीत, तेवढीच त्यांची सभ्यता." त्यानंतर ती गायली नाही. ती सातवीला गणित शिकवणारी बाई, पण भाजी आणायला पाठवताना ते दुकानदारासमोर म्हणायचे, "आमच्या बाईसाहेबांना हिशेब जमत नाही हो, जरा समजून घ्या." तिला मूल नव्हतं. "मूल नाही म्हणून मी तुला कधी टोचून बोललो का?" असं ते नेमानं विचारत राहायचे, आणि तिनं दर वेळी नाही म्हणायचं. कशाचंही उत्तर मागितलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "मी काही बोललो का?"

"सोड त्याला," शुभांगी म्हणाली.

"का सोडलं म्हणून सांगू?" दमयंती म्हणाली. "संगमनेरहून दादा आला होता मागं. मी धीर करून सांगितलं. यांनी त्याला श्रीखंड-पुरीचं जेवण घातलं, त्याच्या मुलाच्या ॲडमिशनचं बघतो म्हणाले. दादा जाताना मला म्हणतो, दमे, सुख टोचायला लागलंय तुला. आणि शुभा, मलाही तसंच वाटतं कधी कधी. माझंच काहीतरी चुकत असेल."

शुभांगीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण आगीचा उपयोग काय? या बाईला घराबाहेर काढायचं तर असं काहीतरी कारण हवं होतं, ज्यात नवऱ्याला सोडलं असं कुणाला म्हणता येणार नाही, भावाला नाही, शेजारणीला नाही आणि खुद्द दमयंतीलाही नाही. ते कारण शुभांगीला सापडलं, आणि कुठं सापडलं म्हणता? सरकारी नियमात.

नियम असा, की जिल्हा परिषदेच्या शिक्षकानं मुख्यालयी राहायचं. मुख्यालयी म्हणजे ज्या गावात शाळा, त्याच गावात. हा नियम सगळ्यांना ठाऊक आणि पाळत कुणीच नाही. नगरला बंगले बांधलेले मास्तर सरपंचाकडून गावात राहत असल्याचा दाखला आणायचे, घरभाडं घ्यायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी जायचे. सरपंच खूश, मास्तर खूश, एसटीही खूश. शुभांगीनं ठरवलं, हा नियम एकदा खराच करून टाकायचा. दमयंतीला गावात राहावंच लागलं, तर त्यात तिचा काय दोष? आठवड्याचे सहा दिवस तरी ती मोकळा श्वास घेईल. आणि एकदा मोकळ्या श्वासाची सवय लागली की पुढचं पुढं, असा तिचा हिशेब.

बोरखडीचे सरपंच काकासाहेब दूध डेअरीच्या ओट्यावर बसलेले असताना ती गेली आणि म्हणाली, येत्या ग्रामसभेत ठराव घ्या, शिक्षक गावात राहिलेच पाहिजेत, आणि खोटे दाखले बंद करा.

काकासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "मॅडम, दाखला द्या म्हनून मास्तर लोक माझ्या मागं लागत्यात. देऊ नका म्हनून सांगनाऱ्या तुमी पयल्याच. तुमाला काय झालंय?"

"पोरांचं नुकसान होतंय," शुभांगी म्हणाली. खरं कारण तिला सांगता येत नव्हतं.

"आन तुमी सोता ऱ्हानार?"

"राहणार."

हे बोलून ती घरी आली, तेव्हा खरी परीक्षा होती. तिची पोरगी चौथीत, स्कॉलरशिपला बसलेली. नवरा तुषार एमआयडीसीत पाळीवर. तो दोन दिवस धुसफुसला, भांडी आपटली, मग म्हणाला, "तुझ्या मैत्रिणीपायी आमी पोरकं व्हायचं व्हय?" सासू आक्काबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "लोकाच्या संसाराला ठिगाळ लावताना आपलं लुगडं फाटू देऊ नको, एवढंच सांगते," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानं, "जा. पोरीचं मी बघते. शनवारी मात्र येत जा." असली सासू मिळायला नशीब लागतं, आणि शुभांगीला ते कळत होतं.

ग्रामसभेत ठराव झाला, तालुक्याला गेला, आणि तिथल्या साहेबांनाही कुठंतरी कडक कारवाई दाखवायचीच होती, ती त्यांनी बोरखडीत दाखवली. शाळेत बोंबाबोंब झाली. हेडमास्तरांची रक्तदाबाची गोळी वाढली. बाकीच्या मास्तरांनी त्या ठरावामागं कोण आहे ते हुडकून काढलं आणि शुभांगीशी बोलणं टाकलं. तिनं ते हसत सोसलं, कारण दमयंतीनं ठराव सांगितला तेव्हा सुहासराव एवढंच म्हणाले होते, "सरकारी नियम म्हणजे नियम. मी काही बोललो का?" आणि दमयंती स्टोव्ह, दोन पातेली आणि वळकटी घेऊन एसटीत चढली होती.

शुभांगीला खोली गावठाणात मिळाली नाही. का मिळाली नाही ते तिनं विचारलं नाही, विचारायची गरज नव्हती. तिला विहारामागं वस्तीतली एक खोली मिळाली. दमयंतीला गावाच्या दुसऱ्या टोकाला, मारुतीच्या देवळापलीकडं, कडूबाईच्या अंगणातली खोली मिळाली. कडूबाई एकटीच राहणारी म्हातारी, मायाळू आणि तोंडाळ. मधे सगळं गाव होतं, पण संध्याकाळी शुभांगी चालत जायची आणि दोघी उंबऱ्यावर बसायच्या.

पहिला आठवडा काय सांगावा. दमयंतीनं लसणाचा ठेचा केला. सावेडीत लसूण घरात यायचा नाही, वास येतो म्हणून. इथं ती कडूबाईच्या खलबत्त्यात ठेचत बसली, डोळ्यांतून पाणी काढत, केस मोकळे सोडून. एका संध्याकाळी भांडी घासता घासता ती गुणगुणायला लागली आणि तिचं तिलाच लक्षात आल्यावर थांबली. शुभांगी घासलेली भांडी विसळत राहिली. जरा वेळानं गुणगुणणं पुन्हा सुरू झालं. त्या संध्याकाळी वस्तीकडं परतताना शुभांगीला पोरीची आठवण येऊन रडू आलं, पण त्यातसुद्धा तिला वाटलं, आपण केलं ते बरोबर केलं.

दुसऱ्या आठवड्यात दमयंती फाट्यावरच्या एसटीडी बूथवर जायला लागली. गॅसच्या नंबराचं सांगायचं राहिलं म्हणून एकदा. दुधाचा रतीब बंद करायचा म्हणून एकदा. शुभांगीनं मनावर घेतलं नाही. नवरा-बायको आहेत, फोन तर करणारच.

त्या शनिवारी शुभांगी पोरीला भेटायला केडगावला गेली आणि सोमवारी सकाळी परतली, तर कडूबाईच्या अंगणात स्कूटर उभी. सुहासराव बाह्या सरसावून म्हातारीच्या कपडे वाळत घालायच्या दोरीला नवा खिळा ठोकत होते. खोलीत दुसरी वळकटी, आरसा, दाढीचं सामान, भिंतीला दत्ताची तसबीर.

"या, शुभांगीबाई," ते हसून म्हणाले. "म्हटलं, बायको खेड्यात एकटी, मी शहरात पंख्याखाली झोपू? मन मानेना. इथून स्कूटरवर ऑफिस काही लांब नाही."

दमयंती दारात उभी होती. केसांचा अंबाडा घट्ट बांधलेला. ती शुभांगीकडं न बघता म्हणाली, "चहा घेणार?" आणि उत्तराची वाट न बघता आत वळली, कारण चहा टाकायला हरकत नाही हे तिनं सुहासरावांच्या चेहऱ्यावर वाचलं होतं.

पंधरवड्यात गाव त्यांच्या खिशात. कालव्याच्या पाण्याचे अर्ज, मोजणीची तक्रार, म्हातारीची निराधार पेन्शन, जे म्हणाल ते लिहून देणार, आणि पैसा घेणार नाही. संध्याकाळी कडूबाईच्या अंगणात माणसं ताटकळत बसायची. "लई गुनाचं मानूस हाय बाई," कडूबाई शुभांगीला म्हणाली. "रोज इचारत्यात, बाईसाहेब सुट्टीत जेवल्या का, कुनाशी बोलल्या, हसल्या का. एवढी काळजी कुनाचा दादला करतो? माझं मेलं मानूस तर मी जित्ती हाय का मेली ते बी बघत नवतं."

"आणि तुम्ही सांगता?"

"मंग, सांगते की. चांगलंच सांगते."

शुभांगीनं कपाळाला हात लावला. म्हातारीला काय बोलणार? तिच्या मनात पाप नव्हतं, तिच्यापुरतं ते कौतुकच होतं. पण सावेडीच्या फ्लॅटमध्ये त्या माणसाला एकच डोळा होता, स्वतःचा. इथं गावाचे सगळे डोळे त्याचे झाले. दमयंती मधल्या सुट्टीत शुभांगीजवळ बसेनाशी झाली. डबा घेऊन खोलीवर जायची, कारण शुभांगीबरोबर जेवली की ती बातमी संध्याकाळी अंगणात पोचायची आणि मग रात्रभर तो तोंड फिरवून पडायचा. सकाळ-संध्याकाळचा एसटीतला तो पाऊण-पाऊण तास, दमयंतीच्या आयुष्यातला तेवढाच एक तुकडा तिचा होता, आणि तो शुभांगीनं ठराव करून काढून घेतला होता. हे तिला दिवसातून दहादा आठवायचं.

ती पुन्हा काकासाहेबांकडं गेली. ठराव मागं घ्या म्हणाली.

"आता कसा घेऊ?" काकासाहेब म्हणाले. "तालुक्याला आपल्या गावाचं नाव झालंय. आन त्या सुहासरावांसारखं मानूस गावात आलं ते तुमच्याच ठरावानं. तुमचे उपकार हायेत, मॅडम."

"ते चांगले नाहीत," शुभांगीच्या तोंडून निघून गेलं.

काकासाहेबांनी तिच्याकडं बारकाईनं बघितलं. "मारत्यात?"

"नाही."

"पेत्यात?"

"नाही."

"मंग मॅडम," ते अवघडून म्हणाले, "लोकाच्या नवरा-बायकोत आपन पडू नये. गाव तुमाला नावं ठेवील."

महिन्याअखेर तांदूळ वाटपाचा दिवस आला. पोरांना सरकारकडून महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचे, आणि कोठीत बसून ते मोजायला हेडमास्तरांनी दोघींना बसवलं. बाकी मास्तरांना धुळीत बसायचं नव्हतं म्हणून, दुसरं काही नाही. शुभांगीला देव पावल्यासारखं झालं. कोठीचं दार लोटलेलं, बाहेर पोरांची पिशव्या घेऊन रांग लावायची गडबड चाललेली. दमयंती तराजूपाशी, शुभांगी पोत्यापाशी.

"दमू, एक विचारू?" शुभांगी हळू म्हणाली. "त्याची नोकरी नगरात, फ्लॅट नगरात. त्याला इथं यायचं सुचलं कसं?"

दमयंतीनं पारड्यातले चार दाणे काढून पोत्यात टाकले. "मी बोलावलं," ती म्हणाली.

शुभांगीला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"फोनवर ते चांगलं बोलायचे गं. पहिल्यासारखं. मग एक दिवस म्हणाले, जेवण जात नाही. मी काही तुला ये म्हणत नाही, तू तुझी नोकरी कर, पण घास उतरत नाही. मग मलाही उतरेना."

"पण तुला इथं बरं वाटत होतं. मी बघितलंय. तू गुणगुणत होतीस."

"वाटत होतं. तू असलीस की वाटायचं. तू वस्तीकडं गेलीस की मी पातेल्यासमोर बसून राहायचे. भाजी कुठली करू, हेच कळायचं नाही. तिखट करू का कमी करू. कुणी चांगली म्हणणारं नाही, वाईट म्हणणारं नाही. मग वाटायचं, नक्कीच काहीतरी चुकलंय आणि आपल्याला कुणी सांगत नाहीय. त्यापेक्षा ते असलेले बरे. निदान चुकलं की कळतं तरी."

शुभांगीला राग आला. निव्वळ राग, दुसरं काही नाही. पोरगी केडगावात आजीजवळ पाढे म्हणत होती, घरी नवरा धुसफुसत होता, शाळेत कुणी बोलत नव्हतं, आणि हे सगळं जिच्यासाठी, तिनं फाट्यावर जाऊन, पदरचा रुपया टाकून त्याला बोलावून आणलं होतं. तिला ओरडावंसं वाटलं. मैत्रिणीवर ओरडायचं नाही, एवढं तिला कळत होतं, म्हणून तिनं ओठ मिटले, हातातलं माप खाली ठेवलं आणि खिडकीकडं तोंड करून उभी राहिली. नुसती उभी राहिली. राग जरा उतरू द्यावा म्हणून.

मागून तराजूचा आवाज थांबला.

"शुभा?" दमयंती म्हणाली. शुभांगी बोलली नाही; बोलली असती तर ओरडलीच असती.

"शुभा, चिडलीस?" आता ती अगदी जवळ आली होती. "चिडू नकोस ना. माझंच चुकलं. मी तुला आधी सांगायला हवं होतं." ती थांबली, वाट बघितली. "का सुट्टीत तुझ्याजवळ बसत नाही म्हणून? उद्यापासून बसते. खरंच बसते. का तुझी मुलगी तिकडं आहे म्हणून? हो, तेच असेल. माझ्यामुळं झालं ते, मला कळायला हवं होतं. नाही का? मग सकाळी मी तुला हसले नाही, ते? सांग ना, कशामुळं? मी परत करणार नाही."

एकेक चूक ती पुढं ठेवत होती आणि शुभांगीच्या मानेकडं, खांद्याकडं बघून अंदाज घेत होती, बरोबर लागली का. हा सूर शुभांगीनं एवढ्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. एसटीत तो कधी नव्हता, उंबऱ्यावर नव्हता. हा बंद दाराआडचा सूर होता, सुहासरावांसाठी ठेवलेला, आणि आज तो तिच्यासाठी निघाला होता. अख्ख्या जगात ज्या एका माणसासमोर ही बाई न घाबरता बसायची, ते माणूसही आता उरलं नाही.

शुभांगी झटकन वळली. "नाही गं," ती म्हणाली. "मी चिडले नाही."

"नक्की?"

"नक्की. बस. पोरं खोळंबलीत."

दमयंती तराजूपाशी जाऊन बसली. शुभांगीनं दार उघडलं, पहिलीच्या पोरांना आत घेतलं. तांदूळ पारड्यात पडत होते, पिशव्या भरत होत्या, पोरं ढकलाढकली करत होती. आणि दर मापाला, काट्याकडं बघायच्या आधी, दमयंती मान वर करून शुभांगीचं तोंड बघत होती.